चाली ऱ्हायनं ना भो

बोर्डावरचा एलईडी लुकलुकायला लागला की जळगाव-धुळ्याकडच्या लॅबमध्ये कुणी ना कुणी म्हणतंच, "चाली ऱ्हायनं ना भो, मंग कशाले हात लावस?" बोलणं वाईट नाही. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरपासून जिनिंगच्या पट्ट्यापर्यंत खान्देशातली कितीतरी यंत्रं याच तत्त्वावर वर्षानुवर्षं चालत आली आहेत आणि झकास चालत आली आहेत. एफपीजीएला, म्हणजे आतलं सर्किट आपल्या कोडवरून हवं तसं जोडता येणाऱ्या चिपला, मात्र हे तत्त्व लागू पडत नाही. तिथे ‘चालतंय’ म्हणजे या बोर्डावर, या घटकेला, या तापमानात आणि या खेपेच्या कंपाइलला चाललं, एवढंच. कोडमध्ये एक ओळ वाढवून पुन्हा इम्प्लिमेंट केलं तर टूल (कोडचं सर्किट करणारं सॉफ्टवेअर) सगळी मांडणी नव्याने करतं, आणि कालचं ‘चालतंय’ कालपुरतंच राहतं.

लुकलुकणारा एलईडी तर फारच भोळा साक्षीदार आहे. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर एक सेकंद मोजायला १० कोटी ठोके मोजावे लागतात आणि त्याला २७ बिटांचा काउंटर पुरतो, कारण २६ बिटांत ६ कोटी ७१ लाखांच्या पुढे जाता येत नाही. आर्टिक्स-७ सारख्या चिपमध्ये अशा बेरजेसाठी खास कॅरी चेन (हातचा झपाट्याने पुढे नेणारी जोडणी) असते आणि २७ बिटांची बेरीज १० नॅनोसेकंदांच्या आत आरामात उरकते. म्हणजे क्लॉकचा कन्स्ट्रेंट (टूलला घालायची अट) विसरला, चुकला, तरी पिन बरोबर असली की एलईडी लुकलुकणारच. मग त्याच प्रोजेक्टमध्ये व्हीजीए, म्हणजे मॉनिटरची जोडणी, येतं, अल्ट्रासॉनिक सेन्सर येतो, मोटरचा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा चालू-बंद सिग्नल) येतो, आणि पडद्यावर मधूनच मुंग्या दिसू लागतात. पोरं व्हेरिलॉगमधला, म्हणजे सर्किट लिहायच्या भाषेतला, कोड उलटापालटा करत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गडबड असते पिना आणि क्लॉकच्या अटी लिहिलेल्या त्या छोट्या एक्सडीसी फाइलमध्ये, जी कुण्या सीनियरच्या पेनड्राइव्हवरून आलेली असते आणि जिच्याकडे पाहायला कुणाला सवड नसते.

कोड सांगतो सर्किट काय आहे. ते कुठे जोडलंय, किती वेगाने चालायचंय, कुठला सिग्नल क्लॉकशी नातं न ठेवता येतोय, हे कोडमध्ये कुठेच नसतं. टूलला ते सांगावं लागतं. न सांगितलेल्या जागा टूल आपल्या समजुतीने भरतं, आणि माझ्या मते एफपीजीएमधली निम्मी डोकेदुखी या समजुतींचीच असते.

पिनांपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक लवकर सापडते, निदान सापडायला हवी. बेसिस-३ या आर्टिक्स-७ चिपच्या बोर्डावर १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक डब्ल्यू५ पिनवर येतो, पहिला एलईडी यू१६ वर आहे, पहिला स्विच व्ही१७ वर, मधलं बटण यू१८ वर. नेक्सिस ए७ आणि आर्टी ए७ वर क्लॉक ई३ वर येतो. जुन्या स्पार्टन-३ई स्टार्टर बोर्डावर ५० मेगाहर्ट्झ सी९ वर होता आणि त्यासाठी यूसीएफ नावाची वेगळ्या धाटणीची फाइल लागायची. ती फाइल विवाडो, म्हणजे या चिपांचं आजचं टूल, वाचत नाही. आयएसई या त्याआधीच्या टूलची शेवटची आवृत्ती १४.७ ही २०१३ सालची, आणि स्पार्टन-६ किंवा त्याआधीच्या चिपा विवाडोत घेताच येत नाहीत. तरीही प्रॅक्टिकलच्या झेरॉक्समध्ये यूसीएफच्या ओळी आणि टेबलावर बेसिस-३, असा संसार अजून कुठे कुठे दिसतो.

बोर्डाच्या मास्टर एक्सडीसी फाइलमध्ये सगळ्या ओळी हॅशने बंद करून ठेवलेल्या असतात. हव्या तेवढ्या उघडायच्या आणि पोर्टचं नाव आपल्या मॉड्यूलशी जुळवायचं. इथेच ध चा मा होतो. व्हेरिलॉगमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो. मॉड्यूलमध्ये पोर्टचं पहिलं अक्षर मोठं आणि एक्सडीसीत लहान असेल तर टूलच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मग विवाडो १२-५८४ क्रमांकाची वॉर्निंग देतं, ‘या नावाचं पोर्ट सापडलं नाही’, आणि पाठोपाठ कॉमन १७-५५ ही क्रिटिकल वॉर्निंग, म्हणजे ‘ज्याला गुणधर्म लावायचा ती वस्तूच नाही’. दोन्ही संदेश लॉगमध्ये येतात आणि गाडी पुढे निघून जाते. सिंथेसिस होतं (कोडचं सर्किट बनतं), प्लेसमेंट होतं, राउटिंग होतं, वीस मिनिटं जातात आणि बिटस्ट्रीमच्या, म्हणजे चिपमध्ये उतरवायच्या फाइलच्या, दारात अडतं : एनएसटीडी-१ म्हणजे पोर्टला आयओ स्टँडर्ड (पिनच्या व्होल्टेजचा प्रकार) दिलेलं नाही, यूसीआयओ-१ म्हणजे पोर्टला जागा दिलेली नाही.

या दोन एररवर नेटवर एक उतारा सगळीकडे मिळतो. दोन्ही तपासण्यांची तीव्रता एररवरून वॉर्निंगवर उतरवायची. दोन ओळी चिकटवल्या की बिटस्ट्रीम तयार. हा उतारा वापरू नये, असं मी ठासून सांगेन. जागा न दिलेलं पोर्ट टूल स्वतःच्या मनाने कुठल्याही मोकळ्या पिनवर बसवतं. ते आउटपुट असेल आणि त्या पिनवर बोर्डावरच्या दुसऱ्या चिपचं आउटपुट आधीच जोडलेलं असेल, तर दोघं एकमेकांशी भांडतात, एक वर ओढतो, एक खाली, आणि मधल्या मध्ये पिन तापते. आयओ स्टँडर्ड न दिल्यास ७-सिरीजमध्ये (आर्टिक्स-७ त्यातलीच) एलव्हीसीमॉस१८, म्हणजे १.८ व्होल्ट, गृहीत धरलं जातं, तर बेसिस-३ च्या बटणं-एलईडींच्या बँका (पिनांचे गट) ३.३ व्होल्टवर आहेत. खरा उपाय दोन मिनिटांचा आहे : एररमध्ये पोर्टचं नाव लिहिलेलंच असतं, ते मॉड्यूलमधल्या नावाशी अक्षर न अक्षर ताडायचं. बसच्या बाबतीत चौकोनी कंसातला आकडा आणि भोवतीचे महिरपी कंस दोन्ही पाहायचे. एलईडीची बस १६ बिटांची आणि एक्सडीसीत फक्त आठ ओळी उघडलेल्या, ही नेहमीची गोष्ट.

एकाच बँकेत एका पिनला एलव्हीसीमॉस३३ आणि दुसरीला एलव्हीसीमॉस१८ दिलं की बीआयव्हीसी-१ ही एरर येते, कारण पूर्ण बँकेला वीज एकाच पुरवठ्यातून मिळते. फाइलमधलं स्टँडर्ड बदलल्याने बोर्डावरचं व्होल्टेज बदलत नाही हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. आणि बाहेरून जोडणाऱ्यांसाठी : एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा इको सिग्नल ५ व्होल्टचा असतो. आर्टिक्स-७ ची पिन ५ व्होल्ट सोसायला बनवलेली नाही. इको आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, पिनपासून ग्राउंडला १.८ किलोओहम, म्हणजे पिनवर ३.२ व्होल्ट येतात. दोन रेझिस्टर मिळून चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त, आणि बोर्ड जळाला तर नवा मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो, तोही बहुतेकदा सबमिशनच्या आठवड्यात. केबल लावायच्या आधी ‘रिपोर्ट आयओ’ उघडून प्रत्येक पोर्टची पिन, बँक आणि व्होल्टेज एकदा बोट ठेवून वाचावं.

आता क्लॉक. एक्सडीसीतली ‘क्रिएट क्लॉक’ ही ओळ नावाप्रमाणे क्लॉक निर्माण करत नाही. क्लॉक बोर्डावरचा ऑसिलेटर देतो. ही ओळ टूलला फक्त त्याची खबर देते, की या पोर्टवर दर १० नॅनोसेकंदांनी ठोका येतो. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणं वेगळं आणि आंधळ्या पाहुण्याला किती वाजले ते सांगणं वेगळं. ही ओळ नसेल तर विवाडो रडत नाही, हीच पंचाईत. टायमिंग समरीत ‘वापरकर्त्याने टायमिंग कन्स्ट्रेंट दिलेले नाहीत’ असं एक निरुपद्रवी वाक्य येतं, स्लॅकच्या (ठोक्याआधी हाताशी उरणाऱ्या वेळेच्या) जागी आकडाच नसतो, लाल रंग कुठेच नसतो. लाल नाही म्हणजे पास, असं समजून लोक पुढे जातात. परीक्षाच झालेली नसते! क्वार्टस हे दुसऱ्या कंपनीचं टूल या बाबतीत उलट्या टोकाचं : एसडीसी ही त्याची अटींची फाइल नसेल तर ते क्लॉक १ गिगाहर्ट्झचा धरून चालतं आणि सगळा रिपोर्ट लालेलाल करतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. घाबरून का होईना, माणूस फाइल लिहायला बसतो.

कालावधीचा आकडा बोर्डाप्रमाणे बदलतो हेही विसरलं जातं. ५० मेगाहर्ट्झला २० नॅनोसेकंद. टँग नॅनो ९के या बोर्डावर २७ मेगाहर्ट्झ ५२ क्रमांकाच्या पिनवर येतात, म्हणजे ३७.०३७ नॅनोसेकंद. १२ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर ८३.३३. तिथे १० लिहिलं तर डिझाइन बिघडत नाही, फक्त टूल विनाकारण घाम गाळतं. उलट १०० मेगाहर्ट्झच्या बोर्डावर २० लिहिलं तर रिपोर्ट हिरवागार आणि हार्डवेअर बेभरवशाचं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी सवय म्हणजे काउंटरच्या बिटाला क्लॉक म्हणून वापरणं. पंचविसावं बिट घेतलं, दुसऱ्या ब्लॉकच्या ‘पॉझएज’ला (क्लॉकच्या चढत्या कडेला) लावलं, काम झालं. सिम्युलेशनमध्ये तर देखणं चालतं. प्रत्यक्षात ते बिट फ्लिप-फ्लॉपमधून (एक बिट धरून ठेवणाऱ्या घटकातून) निघून साध्या तारांमधून जातं, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या उशिराने पोचतं. शिवाय विवाडो फ्लिप-फ्लॉपच्या पलीकडे क्लॉकची ओळख आपोआप नेत नाही. ‘चेक टायमिंग’मध्ये त्या बिटावर चालणारे सगळे फ्लिप-फ्लॉप ‘नो क्लॉक’ या मथळ्याखाली सापडतात, म्हणजे त्यांचं टायमिंग कुणी तपासलेलंच नाही. ‘क्रिएट जनरेटेड क्लॉक’ लिहून ती ओळख देता येते, पण त्यापेक्षा तसा क्लॉक बनवूच नये. काउंटर ० ते ९,९९,९९,९९९ चालवावा, शेवटच्या आकड्यावर एका ठोक्यापुरता एनेबल सिग्नल उंच करावा, आणि सगळं डिझाइन त्याच १०० मेगाहर्ट्झवर ठेवून ‘एनेबल असेल तरच बदल’ असं लिहावं. चिपमधल्या प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला एनेबलचा वेगळा पाय असतोच, त्याचे जादा पैसे पडत नाहीत. (कुणी ९,९९,९९,९९९ ऐवजी १०,००,००,००० शी तुलना केली तर सेकंद १० नॅनोसेकंदांनी लांबतो, दिवसाला एक मिलिसेकंदही फरक पडत नाही. ऑसिलेटरची अचूकता ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५०, असेल तर तोच दिवसाला चार सेकंदांनी चुकू शकतो. व्हायव्हात या एकावरून वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

खरोखर वेगळी फ्रिक्वेन्सी हवी असेल तर एमएमसीएम, म्हणजे चिपमधला क्लॉक गुणणारा-भागणारा ब्लॉक, वापरायचा. व्हीजीएच्या ६४० बाय ४८० साठी २५.१७५ मेगाहर्ट्झ लागतात, पण २५ वर बहुतेक मॉनिटर कुरकुरत नाहीत. ८०० गुणिले ५२५ च्या फ्रेमला सेकंदाला ५९.५ फ्रेम मिळतात. १०० ला १० ने गुणून आतला ऑसिलेटर १००० मेगाहर्ट्झवर न्यायचा, मग ४० ने भागायचं. -१ स्पीड ग्रेडच्या आर्टिक्स-७ मध्ये हा आतला ऑसिलेटर ६०० ते १२०० मेगाहर्ट्झच्या दरम्यानच चालतो, त्यामुळे वाटेल तो गुणाकार चालत नाही. क्लॉकिंग विझार्ड हे गणित स्वतः करतो. एमएमसीएममधून बाहेर पडणाऱ्या क्लॉकसाठी पुन्हा ‘क्रिएट क्लॉक’ लिहायचं नाही. टूल तो इनपुटवरून आपोआप काढतं. हाताने लिहिला तर त्याचं मूळ क्लॉकशी असलेलं नातं तुटतं आणि १०० वरून २५ वर जाणाऱ्या सिग्नलांचा हिशेब चुकीचा होतो. हे दोन क्लॉक एकाच पोटचे आहेत, टूल त्यांच्यामधले मार्ग नीट तपासू शकतं, तेव्हा त्यांना ‘असिंक्रोनस’ (एकमेकांशी नातं नसलेल्या) गटात टाकून मोकळं होण्याची गरज नसते.

तेच बटणाचं. बटणाला किंवा रोटरी एन्कोडरला थेट क्लॉक म्हणून लावलं की प्लेस ३०-५७४ ही एरर येते, आणि त्या एररच्या मजकुरातच सुटका दिलेली असते : ‘क्लॉक डेडिकेटेड राउट’ फॉल्स करा. टूलने स्वतः सुचवलंय म्हटल्यावर कोण कशाला विचार करतोय. पण ती एरर सांगते काय? ही पिन क्लॉकसाठीच्या खास रस्त्यावर नाही, आणि तुम्ही तिला क्लॉक म्हणताय. बटण हे क्लॉक नाहीच. त्याला दोन फ्लिप-फ्लॉपमधून आपल्या क्लॉकवर आणायचं, १० ते २० मिलिसेकंद स्थिर राहिलं तरच खरं मानायचं, म्हणजे १०० मेगाहर्ट्झवर २० लाख ठोके, २१ बिट. मग आजची आणि मागच्या ठोक्याची किंमत ताडून चढती कड ओळखायची. पंधरा ओळींचं मॉड्यूल होतं, एकदा लिहिलं की वर्षभर पुरतं. बाहेरचा खरा क्लॉक आणायचा असेल, कॅमेऱ्याचा पिक्सेल क्लॉक उदाहरणार्थ, तर त्याला क्लॉक-केपेबल पिनच द्यायला हवी, आणि जोडीतल्या पी बाजूची. एन बाजूला लावला तर तीच एरर परत भेटते.

रीसेटची गोष्ट याहून कावेबाज आहे, कारण तो बहुतेक वेळा बरोबर वागतो.

साधी चूक आधी सांगून टाकतो. नेक्सिस ए७ चं सीपीयू रीसेट बटण सी१२ वर आहे आणि ते दाबल्यावर शून्य होतं. बेसिस-३ वर वेगळं रीसेट बटण नाही, लोक मधलं बटण घेतात आणि ते दाबल्यावर एक होतं. एका बोर्डाचा कोड दुसऱ्यावर नेला की डिझाइन कायम रीसेटमध्ये पडून राहतं. लक्षण एकच, बटण दाबून धरलं की चालतं आणि सोडलं की मरतं. हे दिसलं की दुसरं काही शोधायला जाऊ नये. टॉप मॉड्यूलमध्ये एकदाच उलटवावं, आतमध्ये सगळीकडे एकच ध्रुव ठेवावा.

खरी खोट रीसेट सोडण्यात असते. असिंक्रोनस रीसेट लागू कधीही होऊ दे, हरकत नाही, सगळे फ्लिप-फ्लॉप ठोक्याची वाट न पाहता आपापल्या सुरुवातीच्या किमतीवर येतात. पण बोट बटणावरून उचललं जातं ते क्लॉकला विचारून नाही. समजा आठ अवस्थांचं वन-हॉट स्टेट मशीन आहे, आठ फ्लिप-फ्लॉप, एका वेळी एकच एक. पहिल्या अवस्थेतून दुसरीत जायचं म्हणजे पहिल्या फ्लिप-फ्लॉपने खाली यायचं आणि दुसऱ्याने वर जायचं, एकाच ठोक्यावर. रीसेटची तार दोघांपर्यंत सारख्या वेळात पोचत नाही. सुटका नेमकी ठोक्याच्या तोंडावर झाली तर पहिला फ्लिप-फ्लॉप मोकळा झालेला असतो आणि दुसरा अजून रीसेटमध्येच. पहिला खाली आला, दुसरा वर गेलाच नाही. आठही शून्य. आता हे मशीन कुठल्याच अवस्थेत नाही आणि कुठूनही बाहेर पडू शकत नाही. डिफॉल्टची फांदी लिहिली होती म्हणाल तर सिंथेसिसने ती ‘अशक्य’ म्हणून कधीच छाटलेली असते. बाहेरून दिसतं ते एवढंच : कधीतरी रीसेट दाबल्यावर बोर्ड गप्प, पुन्हा दाबलं की सुरू. लोक बटणाला दोष देतात.

उपाय जुना आणि पक्का आहे. दोन फ्लिप-फ्लॉपची साखळी घ्यायची, दोघांच्या क्लिअरला बाहेरचा रीसेट जोडायचा, पहिल्याच्या डेटा पायावर कायमचा एक, दुसऱ्याचं आउटपुट म्हणजे आपला आतला रीसेट, शून्यावर लागू होणारा. लागू होताना तो ताबडतोब लागू होतो, सुटताना मात्र क्लॉकच्या ठोक्यावरच सुटतो, आणि तो सुटल्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत सगळ्यांपर्यंत पोचतो की नाही हे टूल रिकव्हरी-रिमूव्हलच्या हिशेबाने तपासतं. दोन्ही फ्लिप-फ्लॉपना ‘असिंक रेग’ हा गुणधर्म लावायचा, म्हणजे टूल त्यांना शेजारीशेजारी बसवतं आणि मध्ये काही घुसवत नाही. फॉल्स पाथ (‘या मार्गाचं टायमिंग तपासू नको’ ही सूचना) द्यायचा तो फक्त या दोन फ्लिप-फ्लॉपच्या क्लिअर पायांना. आतल्या रीसेटला फॉल्स पाथ देऊन टाकला, जसं बरेच जण एका ओळीत देतात, तर साखळी बांधून काही उपयोग नाही. तपासणीच बंद केली. प्रत्येक क्लॉकसाठी स्वतंत्र साखळी हवी. एमएमसीएम असेल तर त्याचा ‘लॉक्ड’ सिग्नल रीसेटमध्ये मिसळायचा : लॉक होईपर्यंत त्याच्या क्लॉकवर भरवसा ठेवायचा नाही.

यापुढचा प्रश्न पुस्तकं विचारतच नाहीत, की इतका रीसेट हवाच कशाला? बरीचशी पाठ्यपुस्तकं एसिकच्या, म्हणजे एकाच कामासाठी घडवलेल्या चिपांच्या, जगातून आलेली, तिथे वीज आल्यावर फ्लिप-फ्लॉप काय धरून बसेल याचा नेम नसतो. एसरॅमवर (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीवर) चालणाऱ्या एफपीजीएत कॉन्फिगरेशन उतरतानाच प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला सुरुवातीची किंमत मिळते. कंट्रोलच्या भागाला रीसेट द्या, स्टेट मशीनला द्या, काउंटरला द्या. नुसत्या वाहत्या डेटाच्या पाइपलाइनला देऊ नका. रीसेट दिलेली शिफ्ट रजिस्टर एका एलयूटीत (लॉजिकच्या छोट्या तक्त्यात) मावत नाही, त्यासाठी फ्लिप-फ्लॉपांची रांग खर्ची पडते. असिंक्रोनस रीसेट दिलेला गुणाकार डीएसपी ब्लॉकच्या (चिपमधल्या तयार गुणाकार-सर्किटच्या) आतली रजिस्टरं वापरू शकत नाही, कारण तिथे सिंक्रोनसच रीसेट आहे, आणि मग तोच गुणाकार टायमिंगमध्ये लंगडतो. ब्लॉक रॅममधला मजकूर तर रीसेटने पुसलाच जात नाही, कितीही दाबा.

टायमिंगमध्ये लंगडण्यावरून मे महिना आठवतो. जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि थंडीत धुळ्याकडे तो एक आकडी होतो. बेसिस-३ वरची चिप कमर्शियल ग्रेडची आहे, म्हणजे आतल्या सिलिकॉनचं तापमान ० ते ८५ अंशांत राहिलं पाहिजे. बाहेर ४५, पत्र्याच्या शेडमध्ये बंद पॅनेल, शेजारी पॉवर सप्लाय, चिपची स्वतःची उष्णता वेगळी. ८५ दूर राहत नाही. विवाडोचा टायमिंग रिपोर्ट या पूर्ण पट्ट्याचा, सगळ्यात वाईट व्होल्टेजचा आणि सगळ्यात सुस्त चिपचा विचार करून दिलेला असतो. म्हणून सर्वात वाईट स्लॅक उणे ०.४ नॅनोसेकंद दिसत असतानाही डिसेंबरमध्ये टेबलावर सगळं सुरळीत चालू शकतं. रिपोर्ट सांगतोय की हमी १०.४ नॅनोसेकंदांची, म्हणजे ९६ मेगाहर्ट्झची आहे, तुम्ही १०० वर चालवताय. टेबलावरची चिप वाईटात वाईट नसल्याने निभावतंय. पुढची चिप निभावेलच असं नाही.

उणे स्लॅक कुठून येतो हे शोधायला सगळ्यात वाईट मार्ग उघडून पाहावा, सुरुवात आणि शेवट कुठे आहे तो. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये तो फार वेळा सेव्हन-सेगमेंटपाशी निघतो : आकडा दाखवायला एकाच ठोक्यात भागाकाराचं आणि बाकी काढायचं अशी दोन्ही चिन्हं वापरून चार अंक काढलेले असतात. व्हेरिलॉगमध्ये ते एक तिरकी रेघ असतं, सिलिकॉनमध्ये एलयूटींची लांबलचक साखळी. डोळ्याला दाखवायच्या आकड्याला १० नॅनोसेकंदांची घाई नसते. शिफ्ट करून तीन मिळवण्याची जुनी पद्धत वापरून सोळा ठोक्यांत तेच काम होतं आणि लाल रंग नाहीसा होतो. तो नाहीसा करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे त्या मार्गालाच फॉल्स पाथ जाहीर करणं, आणि दुर्दैवाने तो लिहायला सोपा आहे. ‘सेट क्लॉक ग्रुप्स’चंही तेच. दोन खरोखर परक्या क्लॉकना असिंक्रोनस म्हणणं बरोबरच, पण त्याने टूल गप्प होतं, बिटं सुरक्षित होत नाहीत. एक बिट असेल तर दोन फ्लिप-फ्लॉप. आठ बिटांची संख्या असेल तर प्रत्येक बिटाला वेगळे दोन फ्लिप-फ्लॉप लावून चालत नाही, काही बिटं जुन्या संख्येची आणि काही नव्या संख्येची येतात. तिथे असिंक्रोनस फिफो (दोन क्लॉकांमधली डेटाची रांग), किंवा एकेक पाऊल चालणारा मोजणी आकडा असेल तर ग्रे कोड (दर पावलाला एकच बिट बदलणारा). ‘रिपोर्ट सीडीसी’ अशा जागा नावानिशी दाखवतो.

बोर्ड पूर्ण गप्प असेल तेव्हा क्रम ठरवून जावं. आधी डन एलईडी : तो पेटला नाही तर डिझाइन चिपमध्ये उतरलंच नाही, व्हेरिलॉग पाहणं व्यर्थ. मग क्लॉक पोचतोय का, यासाठी रीसेटशी संबंध नसलेला, थेट पिनवरच्या क्लॉकवर चालणारा काउंटर एका एलईडीला. लॉक्ड दुसऱ्या एलईडीला, आतला रीसेट तिसऱ्याला. तीन दिव्यांत निम्मे संशयित सुटतात. आयएलए (चिपच्या आतले सिग्नल दाखवणारा ब्लॉक) टाकून पाहिलं आणि ‘डीबग हब सापडला नाही’ असं आलं, तर त्याचा अर्थ बहुधा हाच असतो की आयएलएला दिलेला क्लॉक चालत नाही. रीसेट करता येणाऱ्या एमएमसीएमचा क्लॉक त्याला देऊ नये, कायम चालणारा द्यावा. आणि सिंथेसिसनंतर लॉगमध्ये फक्त क्रिटिकल वॉर्निंग तेवढ्या गाळून वाचाव्यात. साध्या वॉर्निंग शेकडो असतात, त्यांत जीव घालवू नये.

राहता राहिली वीज. यूएसबी केबलमधून टाकलेलं डिझाइन भारनियमनाच्या पहिल्या फटक्यात जातं, चिपमध्ये काही उरत नाही. एक्सटर्नल यायच्या दिवशी हे नेमकं घडतं. बिटस्ट्रीम सेटिंगमध्ये बिन फाइल मागून घ्यावी, ती बोर्डावरच्या क्यूएसपीआय फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहावी, बेसिस-३ चा जेपी१ जंपर फ्लॅशच्या जागी हलवावा. एक्सडीसीत कॉन्फिगरेशन व्होल्टेज ३.३, एसपीआयची रुंदी ४ आणि कॉन्फिगरेशनचा वेग ३३ मेगाहर्ट्झ या ओळी असाव्यात. त्या नसतील तर मूळचा वेग ३ मेगाहर्ट्झ आणि एकच तार; या चिपचा बिटस्ट्रीम सुमारे १७५ लाख बिटांचा, म्हणजे वीज आल्यावर जवळजवळ सहा सेकंद बोर्ड ढिम्म. त्या सहा सेकंदांत घाबरून कुणीतरी प्रोग बटण दाबतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ओळी घातल्या की तेच काम सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शात उरकतं.